निरोपाची सहा वासरं

गोठ्यात पाऊल टाकण्याआधी ती स्वतःचा ताप बघायची. रोज, न चुकता. दारातल्या जंतुनाशकाच्या परातीत रबरी बूट बुडवून उभी राहायची, काचेचा थर्मामीटर तीनदा झटकायची, काखेत धरायची आणि समोरच्या घड्याळाचा काटा तीन घरं सरकेपर्यंत हलायची नाही. आकडा रोजच्यासारखा आला, की मग आत. थर्मामीटरही कधीकधी थापा मारतो. त्याचं खरंखोटं आधी बोलत्या माणसावर पारखावं, मग मुक्याला लावावा, असं तिचं म्हणणं. तोच थर्मामीटर पुढे कुणाच्या शेपटीखाली जाणार हे ठाऊक असलेले लोक तोंड वाकडं करायचे.

"मावशी, क्रम चुकवू नका हं एखाद्या दिवशी," एकजण म्हणायचा.

"चुकला तरी काळजी नको," ती म्हणायची. "वासरू माझ्यापेक्षा स्वच्छ असतं."

तिचं खरं नाव फक्त हजेरीच्या वहीत उरलं होतं. एरवी ती तापमावशी. जनावरांच्या लशींवर काम करणाऱ्या त्या संस्थेत अठरा वर्षं ती वासरांचा ताप मोजत होती, म्हणून हे नाव. पण नाव ठेवणाऱ्यांनी त्यात थोडं विषही घातलं होतं. नवं जनावर आलं की ती तीन प्रश्न विचारायची. कुठून आणलं, कशासाठी आणलं, आणि नंतर याचं काय करणार. पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं मिळायची. तिसरा आला की पांढऱ्या कोटातली माणसं घड्याळ बघायची, आणि तिची पाठ वळली की म्हणायची, "डोक्याला ताप आहे नुसता."

तिचं लग्न झालं नव्हतं. धाकट्या बहिणीकडे राहायची, संस्थेच्या मागच्या रस्त्यावर, दुसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत. आतल्या खोलीत बहीण आणि तिचा नवरा, बाहेरच्या खोलीत गॅस, कपाट, जेवायचं टेबल आणि टेबल भिंतीला सरकवलं की तिची गादी. खिडकीतून संस्थेचं धुराडं दिसायचं. त्या धुराड्याखालची भट्टी बहिणीच्या नवऱ्याच्या ताब्यात होती. प्रयोग संपलेली जनावरं तो गाड्यावरून न्यायचा आणि राख उपसायचा. इतकी वर्षं राख उपसली की माणूस एक तर रडका होतो, नाहीतर विनोदी. तो विनोदी झाला होता.

"आज निरोप समारंभ होता, ताई," हात धुता धुता तो सांगायचा. "तीन पाहुणे. भाषणं मात्र झाली नाहीत. अध्यक्षांनाही घाई होती."

"जेवताना नको हो," बहीण म्हणायची, पण हसायची.

निरोप हा शब्द त्याच्या तोंडून गोठ्यात गेला आणि तिथे रुजला. मारलं, जाळलं, असं कुणी म्हणत नसे. तेवीस नंबरच्या वासराला निरोप कधी, पुढच्या आठवड्यात किती निरोप, असंच बोलणं चालायचं. तापमावशीही तेच म्हणायची. कडू गोळी साखरेत घोळवावी तसा तो शब्द होता, आणि रोज घेतल्यावर साखरही जाणवेनाशी झाली होती.

मग नव्या डॉक्टरीणबाई आल्या. वयानं लहान, चालण्यात घाई, बोलायला गोड. गुरांच्या फुप्फुसांच्या एका रोगावर त्यांना लस हवी होती. जुनी लस होती, पण लेचीपेची. दहा जनावरांना द्यावी तर चार-पाचच तगायची. बाईंनी बारा वासरं आणली. डावीकडच्या सहा कप्प्यांवर पाटी लावली, "साधी". उजवीकडच्या सहांवर लावली, "निरोप". दोन्ही पाट्या बाईंच्या हातच्या, हिरव्या खडूच्या, वळणदार. त्यांचा अर्थ काय, हे बाईंनी एका बैठकीत अर्धा तास समजावून सांगितलं. ती बैठक वरच्या मजल्यावर झाली. गोठ्यातल्या माणसांना बोलावलं नव्हतं.

तापमावशीनं ती पाटी दोनदा वाचली.

"भाऊजी," संध्याकाळी तिनं विचारलं, "हल्ली आधीच पाटी लावतात का हो?"

"कसली पाटी?"

"निरोपाची. सहा वासरांवर लावलीय."

त्याला वाटलं ताईही आता विनोद शिकल्या. "सुधारणा झालीय म्हणायची," तो म्हणाला. "जागा राखून ठेवली. सहा ना? ठेवतो गरम."

बहीण हसली. तापमावशीनं ताट बाजूला सारलं.

त्या सहांचे कानातले बिल्ले एकतीस ते छत्तीस असे होते. नावं ठेवायची नाहीत असा नियम होता, तो तिनं पाळला. पण आकडेच ती अशा लाडानं उच्चारायची की त्यांची नावं होऊन जायची. एकतीस हावरा. बत्तिसाला पाण्याच्या बादलीची भीती. तेहतीस आणि चौतीस एकमेकांची शेपटी चोखत बसायचे. पस्तीस आजारी नसतानाही आजारी दिसायचा. आणि छत्तीस. त्याचा सगळ्या जगाशीच छत्तीसचा आकडा होता. कुणी जवळ आलं की लाथ, कुणी दूर गेलं की हंबरडा. फक्त तापमावशीला तो शेपटी उचलू द्यायचा, तेही उपकार केल्यासारखा.

अठरा वर्षांत तिनं एक गोष्ट पाहून ठेवली होती. ज्या वासराला दोन दिवस ताप राहतो, त्याला तिसऱ्या दिवशी उघडतात. आत काय झालं ते बघायला. ज्याला ताप येत नाही ते गाडीत चढून परत जातं, जिथून आलं त्या शेतावर. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. मोजून मोजून तिनंच ते काढलं होतं, आणि बरेचदा ते खरंही होतं. तेव्हा हिशेब सोपा होता. पाटी लागलीय, पण गाडा अजून आलेला नाही. ताप नाही तर निरोप नाही.

पहिली सुई टोचली त्या संध्याकाळीच निरोपाची सहाही वासरं कान पाडून बसली. डावीकडची सहा पेंढा चघळत होती. तिनं एकतिसाला थर्मामीटर लावला. एक्केचाळीस पॉइंट एक, नेहमीपेक्षा दोन अंश वर. तिनं दिव्याखाली धरून पुन्हा वाचला. तक्ता काढला, पेन उघडलं आणि बंद केलं.

मग तिनं गोणपाटं भिजवली. नळाच्या गार पाण्यात बुडवून, पिळून, एकेकाच्या पाठीवर, मानेवर, पोटाखाली. पाय नळीनं धुतले. साठवणीच्या खोलीतला मोठा पंखा ओढत आणला. आजाऱ्याच्या कपाळावर ओली घडी ठेवावी, तितकीच त्यात अक्कल होती आणि तितकीच माया. अडीच तासांनी पुन्हा ताप घेतला. एकोणचाळीस पॉइंट सहा. तेवढाच आकडा तिनं लिहिला.

तीन दिवस ती उजाडायच्या आत जायची आणि सगळ्यांच्या नंतर निघायची. छत्तिसानं पहिल्याच दिवशी गोणपाट झटकून तिच्या तोंडावर उडवलं. "घाल, अजून लाथ घाल," ती त्याला म्हणाली, "तुझ्याच भल्याचं चाललंय, मूर्खा." तक्त्यावर तिनं एकही आकडा खोटा घातला नाही. थर्मामीटर जे म्हणाला तेच लिहिलं, खाडाखोड न करता. तिसऱ्या संध्याकाळी ताप आपोआप उतरले. चौथ्या दिवशी एकतीस दुसऱ्याच्या गव्हाणीत तोंड घालताना पकडला गेला, आणि कितीतरी दिवसांनी ती गोठ्यात एकटीच मोठ्यानं हसली. आपण सहा जीव वाचवले, असं तिला वाटलं. तसं वाटायला तिला जेमतेम चार आठवडे मिळाले.

दुसऱ्या सुईच्या आदल्या दिवशी बाई गोठ्यात आल्या. एका हातात चहा, दुसऱ्या हातात फोन.

"मावशी, तुमच्या निरोपवाल्यांनी नाव काढलं हं!"

"म्हणजे ठेवणार त्यांना?"

"ठेवणार म्हणजे?"

"निरोप नाही देणार?"

"अहो, देणार! म्हणून तर आलेय. उद्या चौपट देणार." बाई लोखंडी आडव्या दांडीला टेकल्या. आज त्यांना समजावून सांगायची हौस आली होती. "असं बघा. लस म्हणजे चोराचा फोटो. शरीराला नुसता दाखवला तर शरीर म्हणतं, बरं, बघू. पण रक्तातल्या पेशी एकमेकींना निरोप धाडत असतात. ऊठ, चोर आलाय, तोंड नीट बघून ठेव. त्या निरोपाचे बारीक रेणू असतात. ते आम्ही बाहेर तयार करतो आणि लशीबरोबर टोचतो. म्हणजे फोटोबरोबर हाकही जाते. तुमच्या या सहांच्या रक्तात साध्यांच्या तिप्पट तयारी दिसतेय."

तापमावशीच्या हातातला झाडू थांबला.

"निरोप म्हणजे सांगावा?" तिनं विचारलं.

"सांगावाच! दुसरं काय?"

"आणि हे परत जाणार होते? शेतावर?"

"बाराही जाणार आहेत. हा मारायचा प्रयोगच नाही." बाईंनी चहाचा घोट घेतला. "मला धास्ती फक्त तापाची होती. हाक जास्त जोरात गेली तर ताप चढतो. एकानं हाक मारली तर घर जागं होतं, हजारांनी मारली तर चेंगराचेंगरी. रक्तवाहिन्या पाझरायला लागतात, फुप्फुसात पाणी भरतं. ताप आला असता तर मी मात्रा निम्म्यावर आणली असती. पण तुमचा तक्ता कसा स्वच्छ! सगळे एकोणचाळीसच्या घरात, चाळीस कुणी गाठलेच नाहीत."

तिनं झाडू भिंतीला टेकवला.

"बाई, मी त्यांना पुसत होते जरा."

"हो?" बाई फोनवर काहीतरी वाचत होत्या.

"ओल्या गोणपाटानं."

"छान. स्वच्छता पाहिजेच."

"गार पाण्यानं पुसत होते."

"इथे गरम कोण देतंय तुम्हाला!" बाई हसल्या. दारातून कुणीतरी हाक मारली, आणि त्या रिकामा पेला तिच्या हातात देऊन निघून गेल्या.

दोनच शब्द राहिले होते: ताप घेण्याआधी. ते तिच्या जिभेवर होते. पण त्यांच्या मागे अठरा वर्षं उभी होती, हजेरीची वही होती, बहिणीच्या घरातली टेबलाशेजारची जागा होती. तिनं पेला नळाखाली धरला, आणि शब्द मागे फिरले.

घरी तिनं सगळं सांगितलं. बहीण भांडी विसळत ऐकत होती.

"सांगितलंस तर काढतील ना तुला?"

"काढतील."

"मग नको सांगूस."

"मरतील गं ती."

"ताई, तू एकेका वासरासाठी आजवर किती रडलीस आणि त्यातली किती जगली? तुझं या वयात दुसरीकडे कोण तोंड बघणार आहे?" बहिणीनं पातेलं उपडं घातलं. "आम्ही काय, आहोतच. पण आमच्या जिवावर किती दिवस?"

ही शेवटची गोष्ट ती हळू म्हणाली, म्हणून जास्त लागली.

भट्टीवाला टॉवेलनं मान पुसत होता. "आज नाही तर उद्या," तो म्हणाला. "भट्टी कुणालाच विसरत नाही, ताई. तुम्ही उगाच जीव जाळू नका."

तरी सकाळी ती सांगायचं ठरवूनच निघाली. सुई आठला होती. ती सातला पोचली. पण बाईंकडे त्या दिवशी पाहुणे यायचे होते, म्हणून काम साडेसहालाच सुरू झालं होतं. तिनं काखेत थर्मामीटर धरला नाही. परातीत बूट बुडवले नाहीत. आत शिरली तेव्हा एकतीस ते पस्तीस टोचून झाले होते आणि दोन मदतनीस छत्तिसाच्या लाथा खात होते.

"आलात? बरं झालं," बाई म्हणाल्या. "धरा याला. तुमचंच ऐकतो हा."

तिनं धरला. अठरा वर्षांच्या सवयीनं हात आपोआप मानेखाली गेला, दुसरा नाकावर. सुई आत गेली. पिचकारीतलं पाणी अर्ध्यावर आलं.

"बाई, थांबा."

"काय झालं?"

"ताप घेण्याआधी पुसत होते मी. एक्केचाळीस होता. सहाही जणांना."

बाईंचा अंगठा जागीच थांबला. त्यांनी सुई बाहेर काढली, उरलेलं औषध उजेडात धरलं, मग तिच्याकडे पाहिलं.

"कुणी सांगितलं होतं तुम्हाला पुसायला?"

"पाटीवर लिहिलं होतं."

"काय लिहिलं होतं?"

"निरोप."

बाईंना कळायला वेळ लागला. एका मदतनिसानं खालच्या मानेनं सांगितलं, इथे भट्टीत नेण्याला निरोप म्हणतात. तेव्हा बाईंना हसू फुटलं. एकदाच, खोकल्यासारखं. त्यांनी लगेच तोंडावर हात दाबला, पण ते हसू सगळ्यांनी ऐकलं होतं.

पुढे बाईंनी हयगय केली असं म्हणता येणार नाही. ताप उतरवायची औषधं आणवली, फुप्फुसातलं पाणी काढायची सुई दिली, पाहुण्यांना परत पाठवलं. पण गेलेली हाक मागे घेता येत नाही. दुपारी एकतिसानं पहिल्यांदाच गव्हाणीकडे पाठ केली. दुसऱ्या दिवशी सकाळी बत्तीस गेला, नाकातून फेस येत. मग तेहतीस, आणि पाठोपाठ चौतीस. पस्तीस नेहमी आजारी दिसायचा म्हणून त्याचं कुणाला कळलंच नाही. तो बसल्या जागी संपला. एकतीस सगळ्यांत शेवटी, दुपारी बारा वाजता. तापमावशीनं ओलं गोणपाट उचलून दिलं तेव्हा एक मदतनीस म्हणाला, "आता राहू दे, मावशी. झाला तुझा उपचार."

छत्तीस जगला. अर्धीच मात्रा गेली होती. दिवसभर धापा टाकत पडला आणि संध्याकाळी उठून त्यानं बादली उलथवली.

वरच्या मजल्यावर चौकशी झाली. या बैठकीला तिला बोलावलं होतं. तीन माणसं, एक टेबल. तिला बसायला सांगायचं कुणाला सुचलं नाही. अहवालात एक ओळ आली: गोठा-परिचारिकेच्या अज्ञानजन्य हस्तक्षेपामुळे तापाच्या नोंदी निरुपयोगी. तिनं विचारलं, अज्ञानजन्य म्हणजे काय. टेबलामागचा एकजण म्हणाला, "बघा, हेच ते." पाटीचा उल्लेख अहवालात नव्हता. पाटी तर आदल्या दिवशीच ओल्या फडक्यानं पुसली होती, बाईंनी, स्वतःच्या हातानं. तिला उद्यापासून येऊ नको असं सांगितलं.

दोन वर्षांनी दुसऱ्या एका गोठ्यात बाईंनी त्याच रेणूंचा दहावा हिस्सा लशीबरोबर दिला आणि दहातली नऊ वासरं रोगातून तगली. तिथे पाटीवर फक्त "गट ब" लिहिलं होतं. तापमावशी तोवर एका दवाखान्याच्या धोबीखान्यात चादरी उकळत होती, आणि तिथे तिला कुठल्याच नावानं कुणी हाक मारत नव्हतं. बहिणीनं घरात बोलणं टाकलं नाही, फक्त पाहुणे आले की ती म्हणायची, "हिच्यामुळेच सगळं झालं, पण मनानं वाईट नाही हो." अकरा वर्षांनी तापमावशी गेली, साध्या आजारानं, दोन दिवसांत.

पण संस्थेतलं तिचं काम चौकशीच्या दिवशी संपलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी मदतनीस घरी आला. बाईंनी बोलावलंय.

छत्तिसाला उघडायचं होतं. पाच मेले होते ते अति झाल्यानं. त्यांच्या फुप्फुसांत पाण्याशिवाय बघण्यासारखं काही उरलं नव्हतं. हा एकटा निभावला होता. किती निरोप झेपतो, हे याच्याच आतड्याकाळजात लिहिलेलं होतं. "हाच सगळ्यांत मोलाचा आहे," बाई गोठ्याच्या दारात म्हणाल्या. त्या रात्रभर झोपलेल्या दिसत नव्हत्या. "पण तो कुणाला जवळ येऊ देत नाहीये. दोघांना लाथा बसल्या. घाबरला तर रक्तात सगळी उलथापालथ होते, मग तपासून उपयोग नाही. तुम्ही धरलंत तर शांत राहील."

"मला काढलंय ना, बाई?"

"हो," बाई म्हणाल्या. "मला माहितीये."

तापमावशीला परत जाता आलं असतं. ती गेली असती तर चौघांनी दोर टाकून त्याला पाडला असता. तिनं असं पाडणं पाहिलं होतं, त्यात पाय मोडतात. तिनं रबरी बूट मागून घेतले.

अंगणात गाडा उभा होता. बहिणीचा नवरा दांड्याला टेकून उभा होता. त्यानं तिच्याकडे पाहिलं आणि गाडा ओढून तिच्या वाटेतून बाजूला घेतला.

कप्पा अरुंद होता. ती आत शिरली तसा छत्तीस हंबरला, रागानं, इतक्या उशिरा येतेस का, असा. मग त्यानं सगळं अंग तिच्यावर लोटून दिलं. संस्थेतला जनावरांचा डॉक्टर दांडीपलीकडे मोठी सुई घेऊन थांबला होता. त्याला मानेची शीर दिसायला हवी होती. तापमावशीनं एक हात मानेखाली घातला, दुसरा नाकावर ठेवला आणि डोकं हळूच उजेडाकडे वळवलं. त्यानं वळवू दिलं. त्या इमारतीत ती त्यानंतर कुणा माणसाशी एक अक्षरही बोलली नाही. बाईंशी नाही, गाडा ओढणाऱ्याशी नाही, फाटकावरच्या पहारेकऱ्याशीही नाही. शेवटचं जे बोलली ते त्याच्याशी, नेहमीच्याच आवाजात, थोडं वैतागून:

"सरक रे जरा, पायावर पाय दिलायस माझ्या."